तुसाचं लोखंड अन् माझ्या पदरातलं चुंबक

माझ्या नवऱ्याले थांबणं कधी जमलंच नाही.
परवा गेले, तेही चहा अर्धा टाकून.

मी सांगून राहिली, नात टाईप करून राहिली. मले अक्षर येत नाही, बोलणं येते.

आम्ही भिलाईले राहू, भिलाई तेव्हा मध्यप्रदेशात होती. हे पोलादाच्या प्लांटात भट्टीवर कामाले. ड्युटी सुटली की क्वार्टरच्या अंगणात दुसरी भट्टी.

उतईच्या राईस मिलमागे तुसाचे ढीग उगाच जळत राहायचे. धानाची ती टरफलं पाहून यांचा जीव तळमळे. लोखंड काढाले जमिनीतला कोळसा कावून खोदाचा, हे तूस आहे ना, म्हणत.

मग सायकलवर पोतं. लुगड्यात तूस, वरणात तूस, अंथरुणात तूस.

तूस कोंडून जाळायचं, त्याचा कोळसा करायचा. तो अन् राजहऱ्याच्या खाणीतल्या लाल लोखंडी दगडाची भुकटी मडक्यात भरायची. तोंड मातीनं लिंपून भट्टीत.
आत लोखंड झालं का, ते चुंबक सांगणार. चुंबक माझ्या माहेरच्या रेडिओतून काढलेलं. मले न विचारता.

मडकं थंड झाल्याबिगर उघडाचं नाही. गरम लोखंडाले हवा लागली की परत लाल माती. हे त्यायनंच मले शिकवलं.
अन् दरवेळी गरम मडकं तेच उघडत.

लाल माती निघाली की जेवत नसत. "मराच्या आधी एकदा चिकटलेलं पाहाचं आहे," म्हणत.

एका सकाळी मडकं भट्टीतून निघालं, अन् मी चुंबक पदरात बांधून सुपेल्याच्या बाजाराले निघाली.

"अवं, ते देऊन जा."
"अजी, मडकं तुमचं. चुंबक माझ्या रेडिओचं."

एकेक वांगं निवडून घेतलं. ओळखीच्या सगळ्या बाया भेटल्या, ज्या नाही भेटल्या त्यायच्या घरी गेली.

आली तर हे मडक्याजवळ उकिडवे. मडकं गार, हे गरम.

फोडलं. चुंबक नेलं तशी करडी भुकटी उडून चिकटली.
हे भुकटी झटकत अन् परत चुंबक लावत. कितीतरी वेळ.
मग म्हणाले, "आता मोठं मडकं आण."

काल पोरं अस्थी वेचाले घाईनं निघाली होती. मी दारात आडवी झाली. म्हटलं, राख थंड होऊ द्या.
आज गेली.

चुंबक पदरालेच बांधलं आहे.

श्रद्धांजली नात लिहीन. माझं एवढंच,
अजी, झालं आता थंड. निघा.