वेधशाळेचं नाक

ऑफिसात त्यांच्या नावाची खुर्ची होती, पण त्या खुर्चीत बसलेले ते मी फारसे पाहिले नाहीत. सकाळी आठला येत, उभ्यानेच संगणक चालू करत आणि किल्ल्यांचा जुडगा वाजवत जर्मनीतल्या एका नदीखोऱ्याचं तापमान वाचत. खाली दुबईच्या अल बर्शात एप्रिलचे पस्तीस अंश, आणि यांचा जीव तिथल्या एका अंशावर टांगलेला. "तिथे आत्ता सहा वाजलेत, जोशी. पारा अजून उतरू शकतो." सगळे त्यांना वेधशाळा म्हणत, आणि त्यांना ते आवडे.

आमची कंपनी हॉटेलांना वाइन पुरवते. वेधशाळा खरेदीचे प्रमुख, मी साठा आणि आकडे पाहणारा. मी पीत नाही. माझी बायको पुण्यातल्या नातेवाइकांना 'हे फूड इम्पोर्टमध्ये आहेत' असं सांगते. तरी नमुने तपासायच्या खोलीत मला बसावंच लागे, कारण प्रत्येक नोंदीवर दोन सह्या लागत: एक त्यांची, एक माझी.

वाइन माणूस करत नाही, वर्ष करतं, असं त्यांचं मत. "थंड मुलखात प्रत्येक वर्ष वेगळ्या स्वभावाचं जन्मतं. कोंब फुटल्यावर दव गोठलं की पीक गेलं. फुलोऱ्यावर पाऊस पडला की घड विरळ. उन्हाळा गार गेला की आंबट, तापला की गोड. आणि काढणीआधीचे पंधरा दिवस कोरडे गेले, तर आधीचे सगळे गुन्हे माफ." वर्षांबद्दल ते घरातल्या मुलांबद्दल बोलावं तसं बोलत. "अठरा म्हणजे लाडोबा. भरपूर ऊन खाल्लं, गोड झाला, आळशी झाला. एकवीस खडूस, पावसात आणि गारठ्यात वाढलाय. पण बघ, म्हातारपणी हाच सांभाळणार."

त्या खोऱ्याचं रोजचं किमान-कमाल तापमान आणि पाऊस यांची शीट मी त्यांच्यासाठी ठेवत असे. मोजायच्या त्या सवयीमुळेच मला एक गोष्ट खटकली. त्यांच्या जुन्या नोंदींत पानोपानी वासाचे शब्द असत. मार्चपासूनच्या चौदा नोंदींत एकही नव्हता, सगळं हवामानच होतं. मग एक दिवस एका नमुन्याला ओल्या पुठ्ठ्याचा वास आला. माझ्यासारख्या न पिणाऱ्यालाही कळला. वेधशाळा मात्र त्या वर्षीच्या सप्टेंबरचं कौतुक करत होते.

"सर, बूच खराब आहे. तुम्हाला वास येत नाही का?"

किल्ल्या वाजायच्या थांबल्या. "फेब्रुवारीत ताप आला होता ना, तेव्हापासून नाही. कॉफी नाही, बायकोची फोडणी नाही, काही नाही. डॉक्टर म्हणतो येईल, इन्शाल्ला." मग आवाज खाली आणून म्हणाले, "साहेबांना कळलं तर खलास. नोकरी गेली की व्हिसा गेला. पोरीच्या कॉलेजची दोन वर्षं बाकी आहेत रे."

मी कुणाला सांगितलं नाही. उलट त्यांचं नाक झालो. मी हुंगायचो आणि ते फेऱ्या मारत विचारायचे, "कैरी की पेरू? पिकला की कच्चा?" एकदा मी घाबरत म्हणालो, "सर, रॉकेलचा वास येतोय. स्टोव्ह पेटवताना यायचा तसा." ते नाचायचेच बाकी राहिले. "शाब्बास! उन्हाच्या वर्षाची वाइन जुनी झाली की असाच वास येतो. रॉकेल लिही, बिनधास्त लिही!" पुढे वर्षभर आमच्या नोंदींवर एकही तक्रार आली नाही. मला माझ्या नाकाचं कौतुक वाटू लागलं होतं, हेही सांगून ठेवतो.

मग दव गोठलेल्या वर्षाची वाइन आली. पीक कमी आलं होतं म्हणून आमचे लेबनीज साहेब बिचकत होते. वेधशाळांनी नमुना यायच्या आधीच त्यांना शब्द दिला: "दव पीक खातं, चव खात नाही. काढणी कोरडी झालीय. अख्खा कंटेनर घ्या." नमुना उघडला आणि मला भिजून कुजलेल्या गोणपाटाचा वास आला. आणखी दोन बाटल्या उघडल्या. तोच वास.

"शक्य नाही," ते म्हणाले. "पंधरा दिवस पाऊस शून्य. तुझ्याच शीटमध्ये आहे!"

"शीट माझी आहे, सर. नाकही माझंच आहे."

"कालपर्यंत कैरी नि पेरूत घोळ घालत होतास, जोशी! सही कर."

"नाही करणार."

"माझं बिऱ्हाड उठेल."

मी पेनाला टोपण लावलं.

तासभर ते कॉरिडॉरमध्ये चालत होते. परत आले आणि त्यांनी नकाशा उघडला. हवामान केंद्र वर पठारावर, द्राक्षमळा खाली नदीच्या वळणावर. त्या गावच्या कॅमेऱ्याची काढणीच्या दिवसांतली चित्रं त्यांनी एकेक करून पाहिली. सकाळचे दहा, अकरा, बारा. खाली सगळं पांढरं. "धुकं," ते म्हणाले. "पर्जन्यमापक धुकं मोजत नाही रे. पंधरा दिवस घड ओलेच होते." आणि त्याच पावली साहेबांच्या केबिनमध्ये गेले.

पाच मिनिटांत मला बोलावणं आलं. साहेबांनी विचारलं, यांना वास येत नाही हे तुला ठाऊक होतं का? मी तोंड उघडायच्या आत वेधशाळा म्हणाले, "त्याला काही माहीत नव्हतं. वासाचे शब्द मीच हवामानावरून अंदाजाने सांगत होतो, तो लिहून घेत होता. या वेळी घाण इतकी होती की तो बोलला."

माझी मुलगी तेव्हा दहावीला होती.

संध्याकाळी या सगळ्या प्रकाराचं टिपण टाइप करायला माझ्याकडेच आलं: वर्षभराच्या वासाच्या नोंदी अंदाजाने केल्या होत्या. दशांश चिन्ह चुकलं तरी कागद परत पाठवणारा मी. त्या कागदाखाली साक्षीदार म्हणून मी सही केली.

त्यांच्या नोकरीच्या शेवटच्या दिवशी मी त्यांना पार्किंगमध्ये गाठलं. "सर, खोटं का सांगितलंत?"

"दोन बिऱ्हाडं कशाला हलवायची? आणि उपकार वगैरे समजू नकोस. राग आहे मला तुझा. त्या दिवशी सही केली असतीस तर कंटेनर येईपर्यंत तीन-चार महिने मिळाले असते."

"त्या टिपणावर मी सही केलीय, सर."

"माहीत आहे. वाचलं मी." त्यांनी गाडीचं दार उघडलं. "टायपिंगची एकही चूक नव्हती."