वायर नीट गुंडाळून नेली होती

सेवेतली पुष्कळ प्रकरणं आता एकमेकांत मिसळून गेली आहेत. कोणाला कुठे पकडलं, हे जुन्या डायऱ्या काढल्याशिवाय मला सांगता येणार नाही. सोलापुरातल्या त्या परिषदेचं प्रकरण मात्र कागद न बघता सांगता येतं.

माझ्या निवृत्तीला थोडी वर्षं उरली होती. शहरात व्हिडिओ गेम बनवणारे आणि इतर उद्योगधंदे यांची दोन दिवसांची परिषद भरली. एका बाजूला टॉवेल-चादरीचे कारखानदार, डॉक्टर, शेती अवजारांचे विक्रेते. दुसऱ्या बाजूला पुण्या-बंगळुरूहून आलेली तरुण मंडळी. सभागृह माझ्या ठाण्याच्या हद्दीत, त्यामुळे बंदोबस्त माझ्याकडे. गेम म्हणजे वेळ वाया घालवण्याचं साधन, असंच मी तोवर समजत होतो.

पहिल्या दिवशी जेवणाच्या सुट्टीनंतर पंचविशीची एक मुलगी माझ्याकडे आली. यंत्रमाग कामगाराची लेक, घरात तेलुगू बोलणारी. तिच्या स्टॉलवरची बॅग गेली होती. बॅगेत लॅपटॉप होता आणि त्यात तिनं व तिच्या जोडीदारानं मिळून तयार केलेला गेम. नव्या कामगाराला माग कसा चालवायचा आणि चालत्या मागात हात कुठे घालायचा नाही, हे तो गेम शिकवत असे. दुसऱ्या दिवशी अकरा वाजता तिला तो कारखानदारांपुढे दाखवायचा होता.

"दुसरी प्रत नाही का?" मी विचारलं.

"जुनी आहे, सर. पण तिच्यात गेल्या दोन महिन्यांचं काम नाही. पेनड्राइव्ह बॅगेतच होता."

तिचे वडील ठाण्यात येऊन बाकावर बसले. त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं नव्हती. तो गेम मुलीनं का केला, हे मी तिला विचारलं नाही.

तक्रार लिहून घेतली, स्टेशन डायरीला नोंद केली, स्टॉलचा पंचनामा केला. कॅमेऱ्याचं फुटेज मागवलं तर त्यात परिषदेच्या स्वागताचा फ्लेक्स तेवढा दिसत होता. तो नेमका कॅमेऱ्यासमोर बांधला होता.

खबर मिळाली ती आमच्या महिला हवालदारांमुळे. सभागृहात झाडलोट करणाऱ्या बाईंजवळ त्या पायरीवर बसल्या, चहा मागवला आणि इकडचं तिकडचं बोलत राहिल्या. पाहुण्यांची नजर जिच्यावर पडत नाही, तिला सगळे पाहुणे दिसत असतात. मग त्या झाडणाऱ्या बाईंना घेऊन त्या माझ्याकडे आल्या.

"बॅग नेताना बघितलं की मी," बाई म्हणाल्या. "पन चोर हाय आसं वाटलं न्हाई बगा. लई निवांत होता. वायर काडली, नीट गुंडाळली, कप्प्यात घातली, चेन लावली. मला वाटलं, त्याचंच हाय."

चेहरा त्यांनी पाहिला नव्हता, पाठ तेवढी दिसली होती. पण मला तेवढं पुरेसं होतं. चोर वायर ओढतो, नाहीतर तिथेच सोडून जातो. ज्याची वस्तू असते, तोच ती जपून गुंडाळतो.

जोडीदार बार्शीचा होता. बॅग गेल्यापासून मुलीच्या बरोबरीनं तोही शोधत फिरत होता. मी त्याला माझ्या खोलीत बोलावलं, हवालदारांनाही बसवून घेतलं. एक तरुण अंमलदार दाराशी अस्वस्थ होऊन उभा होता. त्याच्या मते दोन थापडांत काम झालं असतं. मी त्याला बाहेरचा फोन सांभाळायला पाठवलं.

"बॅगेचं राहू द्या," मी म्हणालो. "मला त्या गेममधलं काही कळत नाही. तुम्ही त्यात काय केलंत, ते सांगा."

आधी तो चाचरत बोलला. मग सुटला. मागाचा आवाज त्यानं टिपला होता. त्यासाठी पंधरा दिवस कारखान्यात बसला होता. धागा तुटण्याआधी आवाज कसा बदलतो, आडवा धागा नेणारा धोटा अडकला की कसा येतो, हे त्यानं टेबलावर बोटं वाजवून मला दाखवलं. बोलताना त्याचा चेहरा उजळला होता.

"आणि हे उद्या कोणीच ऐकणार नाही," मी म्हणालो.

त्याची बोटं थांबली.

"परिषदेच्या पुस्तिकेत तिचं एकटीचंच नाव छापलंय, साहेब," तो हळू म्हणाला. "सकाळी बघितलं. दोन वर्षं काम केलं की मी. मला फक्त उद्याचं होऊ द्यायचं नव्हतं."

बॅग त्यानं बार्शीच्या एसटीत ओळखीच्या कंडक्टरकडे दिली होती, घरी पोचवायला. मी लगेच बार्शी ठाण्याला फोन लावला. गाडी स्टँडवर लागली तेव्हा तिथले पोलीस फलाटावर उभे होते. दिवेलागणीला बॅग माझ्या टेबलावर आली. मुलीनं लॅपटॉप उघडला. सगळं जागच्या जागी होतं.

जोडीदारानं काय केलं ते मी तिला सांगितलं. ती त्याच्याकडे न बघता म्हणाली, "परिषदेच्या फॉर्मवर एकाच नावाची जागा होती. मी माझं लिहिलं. तुला विचारायला पाहिजे होतं."

"मी तुला बोलायला पाहिजे होतं," तो म्हणाला.

लॅपटॉप दोघांनी मिळून घेतलेला होता, पावतीवर दोघांची नावं होती. तिनं तक्रार नसल्याचा जबाब लिहून दिला. मी वरिष्ठांना सगळी हकिकत कळवली आणि त्यांच्या संमतीनं प्रकरण तिथेच मिटवलं. मुलाला मात्र समोर उभं करून सुनावलं. त्याच्यामुळे दोन ठाण्यांची माणसं दुपारभर धावली होती, त्याहीपेक्षा एक बाप बाकावर तीन तास पाणी न पिता बसला होता. त्यानं जाऊन त्यांच्या पायाला हात लावला. वडिलांनी त्याला उठवलं.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता मी मुद्दाम सभागृहात मागे उभा राहिलो. मुलीनं सुरुवातीलाच त्याचं नाव घेतलं आणि आधी पडदा बंद ठेवून नुसता आवाज ऐकवला. कारखानदारांच्या रांगेतले एक वयस्कर गृहस्थ तिथूनच म्हणाले, "धागा तुटणार आता." आणि तुटला. सभागृहात हशा पिकला, टाळ्या पडल्या. माझ्या शेजारी आमच्या महिला हवालदार उभ्या होत्या. त्यांच्या तोंडावरचं समाधान पदक मिळालेल्या माणसाचं होतं. माझी छातीही फुगली होती, हे कबूल करायला हरकत नाही. कोणावर हात न उचलता, एका दुपारीत, आमच्या माणसांनी ते काम परत मिळवून दिलं होतं.

पुढे दोन-तीन कारखान्यांनी नव्या कामगारांना आधी तो गेम देऊन मग मागावर पाठवायला सुरुवात केली, असं मला कळलं.

उरलेल्या नोकरीत समोर बसलेल्या माणसाला मी पहिला प्रश्न कधी गुन्ह्याचा विचारला नाही. तुम्ही काम काय करता, ते नीट सांगा, असं म्हणायचो आणि ऐकत बसायचो. स्वतःच्या कामाबद्दल बोलताना माणसाला खोटं बोलणं फार जड जातं.