तेवढा एक कागद

मी कोकणातला, सातवीतच शाळा सोडलेला, पोटासाठी हिंगोलीत आलो. इथं रेशनकार्ड झालं नाही तर लेकरांना धान्य नाही. तहसीलमधले एक कारकून माझा फॉर्म स्वतः भरून देतात, हे उपकारच. पण दरवेळी "बराबर हाय" म्हणून आणखी एकच नवा कागद आणायला सांगतात. डोकं फिरतं.

चौथ्या खेपेला त्यांच्यापुढं पुण्याच्या अभ्यासकांचा तक्ता होता. लोकांना पुन्हा पुन्हा का यावं लागतं, एवढंच त्यात भरायचं होतं.

"तुमाला काहून यावं लागून राहिलं? काय लिहू?"

घाबरून म्हणालो, "माझीच चूक, साहेब."

त्यांनी चष्मा पुसला, सावकाश लिहिलं आणि मला वाचून दाखवलं, "आम्ही सगळे कागद एकदम सांगत नाही." खाली सहीही केली.

मग म्हणाले, "आता घरमालकाचं संमतीपत्र तेवढं घेऊन या."