आगवाल्याचा हिस्सा

विसाव्या शतकातल्या झाडून सगळ्या युद्धांचा निकाल रत्नागिरीत, आमच्या घरमालकांच्या पडवीत केव्हाच लागलेला आहे. जगाला कळवायचं तेवढं राहून गेलंय. घरमालकांना सगळा मोहल्ला चाचा म्हणतो. उमर बोटींवर काढलेला हा माणूस रोज सकाळी चहाबरोबर एक युद्ध घेतो आणि कलमांच्या बागेची भावाभावांत वाटणी करावी तशी त्याच्या दोषाची सोळा आण्यांत वाटणी करतो. पहिलं महायुद्ध : जर्मनीला सहा आणे, ऑस्ट्रियाला चार, रशियाला तीन, उरलेले तीन इंग्लंड-फ्रान्सला सामाईक. व्हिएतनामच्या दिवशी ते इतके तापले होते, की दारात आलेल्या मासेवालीलाही त्यांनी पैभर हिस्सा लावला. “मी काय केलाय चाचा?” “गप्प बसलीस ना? गप्प बसणाऱ्याचा पण असतो!” त्या दिवशी बांगडे आम्हाला फार महाग पडले.

मी त्यांची वरच्या खोलीतली भाडेकरू. मला हे वाटणीपत्र साफ नामंजूर. मी पत्रकं वाचून वाढले आणि पत्रकंच लिहिते. माझ्याकडे सोळाच्या सोळा आणे एकालाच मिळतात, वर उद्गारचिन्ह फुकट. सवयीनं माझा आवाजही असा झालाय, की परवा डाळीचा भाव विचारला तर दुकानदार म्हणाला, “ताई, मागणी मान्य आहे, पण आधी बसा.”

तर युद्धविरोधी सभेचं पत्रक मी चाचांना तोऱ्यात वाचून दाखवत होते. ‘युद्धाचं सामान वाहणारा प्रत्येक हात रक्तानं माखलेला आहे!’ इथे मी टाळीसाठी थांबले. चाचांनी बशी खाली ठेवली.

“प्रत्येक?”

“प्रत्येक!”

“माझा बापूस दुसऱ्या महायुद्धात बोटीवर आगवाला होता. तळात भट्टीला कोळसा मारायचा. वरती दारूगोळा. त्याचे हात धरलेस काय यात?”

साम्राज्यवादावर माझी चार पानं तोंडपाठ होती. आगवाल्यावर एक ओळ नव्हती. “त्यांना ठाऊक होतं, वर काय आहे ते?”

“होतं. घरात खाणारी तोंडं आहेत, हे पण ठाऊक होतं.”

“पण ती बोट नाझींच्या विरोधातली ना? मग तर...” मी बेशरमपणे पक्ष बदलला.

“तो गोळा जिथं पडला, तिथं पोरं नसतील?”

मी मुकाट्यानं पेन काढून ती ओळ खोडली. चाचा भडकलेच. “माझ्या तोंडाकडं बघून खोडतेस? खरं असेल तर छाप, खोटं असेल तर तसं सांग! साऱ्या दुनियेला वाटून दिलं मी, पण बापसाचं काय ते ठरत नाय. म्हणून विचारतो. तू शिकलेली ना!”

शिकलेल्या बाईनं प्रेसवाल्याला सांगितलं, जागा कमी पडली, ती ओळ गाळा. सभेला चाचा पहिल्या रांगेत होते. मी ओरडले नेहमीसारखीच, फक्त बोट कुणाकडे रोखायचं ते सुचेना, म्हणून हात खिशात घातला. परतताना मी विचारलं, “लढाईबद्दल काही सांगायचे का तुमचे वडील?”

“काय नाय. फक्त घरी आला, की चुलीत लाकूड सारायला सांगितलं तर उठून बाहेर जायचा. आई म्हणायची, बघा, बोटीचा आगवाला आणि चुलीला भितो.”

चाचा चालता चालता थांबले.

“आम्ही पोरं हसायचो, पोरी. लय हसायचो.”