निळ्या पंखावरची लाल पट्टी

“लाल काही दिसत नाहीये. म्हणजे ओके ना, सँडी?” कॉकपिटमधून रॉनने ओरडून विचारलं.

सँडी म्हणजे मी, संदीप. अमेरिकेत चँडलरला, चिप कंपन्यांच्या गावात राहतो म्हटलं की लोक मला चिप डिझाइनबद्दल विचारतात. मी जुनी विमानं दुरुस्त करतो. सासरची मंडळी त्याला गॅरेज म्हणतात, आणि फारसं चुकत नाहीत.

रॉनचं विमान नौदलाचं, पिस्टन इंजिनाचं लढाऊ. जेट आल्यावरही अशी विमानं काही वर्षं जहाजांवर टिकली. तेव्हाच्या जेटला थ्रॉटल दिल्यावर जोर धरायला वेळ लागायचा, आणि डेकवर तेवढा वेळ नसायचा. जहाजावर जागा कमी, म्हणून याचे पंख मिटतात. उघडले की जाड पिना आत सरकून ते लॉक होतात. लॉक नसले तर पंखावर लाल पट्टी वर येते. ती दिसली की उडायचं नाही.

एअर शो सुरू झाला होता. रॉन मिटलेल्या पंखांनी प्रेक्षकांसमोर जाणार, तिथे ते उघडणार आणि टेकऑफ घेणार होता. मी अंगठा वर केलासुद्धा. मग जरा वर पाहिलं. पंख मिटलेलेच होते. म्हणजे दोन्हीकडे लाल दिसायलाच हवं होतं.

“रॉन, इंजिन सुरू करू नकोस.”

शिडी लावली. पट्ट्या वर होत्या, पण निळ्या. नवीन पेंट देताना पंखाबरोबर त्यांनाही चकाचक करून टाकलं होतं. त्या पेंटचे फोटो मीच कौतुकाने फॅमिली ग्रुपवर टाकले होते.

“उघडून बघू,” रॉन म्हणाला. “लॉक झाले तर उडतो. पुढचा नंबर माझाच आहे.”

उघडले. डावी पट्टी खाली बसली. उजवी बोटभर वरच राहिली. पिनेच्या भोकातही पेंट वाळला होता. पिन अर्धीच आत गेली होती.

रॉन शिडीवर चढून बघत राहिला. “असाच वर गेलो असतो तर?”

“पंख मिटला असता. मिटायलाच बनवलाय तो.”

त्याने त्याचा नंबर कॅन्सल केला. विमान दिवसभर दोरीमागे उभं राहिलं आणि लोकांनी सेल्फी काढले. मी भोकं साफ केली, पट्ट्या पुन्हा लाल रंगवल्या. तेव्हापासून माझं एकच म्हणणं आहे: धोक्याची खूण विजोड दिसते, दिसू द्यावी.

मिटलेल्या पंखांचा नवा फोटो ग्रुपवर टाकला. सासूबाईंनी लगेच लिहिलं, “छान. वर लाल डाग राहिलाय, तेवढा पुसा.”