‘मला ती भाषा येत नाही’

१९८७ची गोष्ट. टेक्सासमधल्या शुगर लँडला एका मंगळवारी दुपारी कोर्टाच्या ऑफिसमधून फोन आला...

मी तेव्हा कोर्टाची व्हॉलंटियर होते. घरात मारहाण किंवा हेळसांड झालेल्या मुलांना भेटायचं, त्यांचं म्हणणं समजून घ्यायचं आणि जज्जसमोर मांडायचं, हे आमचं काम.

"सहा वर्षांची इंडियन मुलगी आहे. इंग्लिश येत नाही, तुम्ही घ्याल का केस?" कोऑर्डिनेटरने विचारलं आणि आडनाव सांगितलं.

आडनाव ओळखीचं निघालं. महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत तिच्या वडिलांच्या हातून मी प्रसाद घेतला होता. हसतमुख इंजिनिअर, सगळ्यांना गाडीने घरी सोडणारे...

"त्यांची भाषा वेगळी आहे," मी म्हणाले. "मला नाही येत."

चक्क खोटं! 'ओळख आहे' एवढं सांगून नकार दिला असता तरी चाललं असतं. पण मंडळात लोक काय म्हणतील, एवढंच डोक्यात होतं. फोन ठेवला आणि कणीक मळायला घेतली.

केस आमच्यातल्याच डोरिसकडे गेली. सत्तरीची, शाळेतून रिटायर झालेली बाई. तीन आठवड्यांनी तिने मला कोर्टाच्या पार्किंग लॉटमध्ये गाठलं.

"ती मुलगी एकच शब्द बोलते गं. कोणी जवळ गेलं की दोन्ही हात डोक्यावर घेते आणि म्हणते, नाको, नाको. कोणाला विचारू?"

मी गाडीची किल्ली परत पर्समध्ये टाकली.

"डोन्ट," मी म्हणाले. "नको म्हणजे डोन्ट. डोरिस, ती माझीच भाषा आहे. मी खोटं बोलले."

तिने आपल्या गाडीचं दार उघडलं. मग म्हणाली, "गाडीत बस."

फोस्टर होममध्ये, म्हणजे कोर्टाने तिला तात्पुरतं ठेवलेल्या घरी, मुलगी सोफ्यामागे बसली होती. मी खाली बसून विचारलं, "जेवलीस का गं?"

तिने चमकून पाहिलं. "मावशी, तुम्ही इथेच राहता?"

"हो, दहा मिनिटांवर."

"मग आधी का नाही आलात?"

"घर सापडत नव्हतं," मी म्हणाले. पुन्हा खोटंच...

त्या दिवशी ती दोन तास बोलली. डोरिसने ते सगळं कोर्टात मांडलं आणि पुढे कोर्टाने मुलीला न्यू जर्सीच्या मामाकडे पाठवलं. ती सुखरूप आहे, एवढं नंतर कळलं.

डोरिस आता नाही. माझं खोटं तिने शेवटपर्यंत कोणाला सांगितलं नाही... म्हणून आज मीच सांगतेय.