बाटली गरम पाहिजे

लघवीची बाटली हातात आली की काका आधी ती मनगटाला लावायचे. थंड लागली की तोंड वाकडं. "शी! कुणाची आणलीस ही? बाटली गरम पाहिजे!"

लोहाऱ्यातल्या आमच्या लॅबमध्ये ते जुने टेक्निशियन आणि मी त्यांच्या हाताखाली. तुम्ही म्हणाल, दुसऱ्याची लघवी कोण कशाला आणेल? आणतात हो! पथ्य नको, सोलापूरच्या दवाखान्याच्या चकरा नकोत, म्हणून सासू सुनेची बाटली भरून आणते. काका ती सगळ्यांदेखत मोरीत ओतायचे. मला त्या वासाची शिसारी यायची, त्यांना त्या लबाडीची.

साखर त्यांनाही होती. तरी चहात तीन चमचे, वर बशी चाटणं, आणि तेच चिकट हात सूक्ष्मदर्शकाला. ई! मी रोज स्पिरिटनं पुसायची.

पण शिकवायला लागले की ऐकत राहावं. एखाद्या बाटलीत फेस दिसला की मला हाक. "बघ पोरी. किडनीत चाळणी असती. तिच्या पेशीतलं एक प्रोटीन वीण धरून ठेवतंय. वीण उसवली की अंगातलं प्रोटीन लघवीत उतरतंय, त्याचा हा फेस." मग बोट स्वतःच्या पोटावर. "आन् तेच चाळणीचं प्रोटीन इथं, इन्सुलिनच्या पेशीतबी सापडलंय. साखर वाढली की इन्सुलिन बाहेर सोडायला हातभार लावतंय. एक गडी, दोन नोकऱ्या!"

"तुमचा गडी कसाय, काका?"

"ठणठणीत!"

दर महिन्याला ते स्वतःची बाटली मलाच तपासायला द्यायचे. मीही मनगटाला लावायची. गरम. प्रोटीन नाही. मी सही करायची आणि डॉक्टर तो रिपोर्ट बघून जुन्याच गोळ्या चालू ठेवायचे. पाय सुजले तेव्हा काका म्हणाले, "उभं राहून राहून हुतंय." मी बावळटासारखी मान डोलावली.

दिवाळीनंतर त्यांना दम लागला. सोलापूरला नेलं तर दोन्ही किडन्या निकामी. डायलिसिसवर तीन आठवडे काढले आणि गेले. हे दुखणं फार जुनं आहे, असं तिथले डॉक्टर म्हणाले, तेव्हा काकूंनी पिशवीतून माझ्या सहीचे सगळे रिपोर्ट काढले आणि माझ्याकडे नुसतं बघितलं.

पुढच्या महिन्यात लॅबसमोरचे चहावाले मामा आमच्याच संडासातून बाहेर आले. हातात बाटली.

"घ्या ताई. मशीन तपासायला."

"कसलं मशीन?"

"काका दर महिन्याला घ्यायचे न्हवं का? म्हणायचे, मामा, तुमची लई चांगली हाय, मशीन बरोबर चालतंय का न्हाय ते कळतंय. आता तुमाला लागंल की."

थू! लोकांच्या बाटल्या मोरीत ओतणारा माणूस हा! इतकी किळस मला आजवर कुठल्या नमुन्याची आली नव्हती. आणि लगेच रडूही आलं. फेस म्हणजे काय, हे आख्ख्या तालुक्यात त्यांच्याइतकं कुणाला कळत होतं? कळत होतं म्हणूनच घाबरले. एकदा मला म्हणाले असते तर मी स्वतः त्यांना एसटीत बसवून नेलं असतं.

मामा हात पुढं करून उभेच होते. मी बाटली घेतली आणि सवयीनं मनगटाला लावली. गरम होती.